काळा केलेला कागद



चित्रकला म्हणजे शहरातील सुखवस्तू लोकांचा फावल्या वेळचा छंद. शेतात राबणाऱ्या कुटुंबाला तिचे काय काम, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्हालाही थोडेफार तसेच वाटत असे. ज्या प्रसंगाने आमचे मत बदलले तो प्रथम सांगतो. त्यात दोष आमचाच आहे, आणि म्हणूनच तो झाकून ठेवणे बरे नव्हे.

नाताळाच्या आधीचे दिवस होते. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना एकेक कोरा कागद व रंगीत खडू वाटले आणि ख्रिस्तजन्माचा गोठा काढावयास सांगितले. फळ्यावर नमुनाही काढून दिला. तासाभराने पाहतो तो नऊ वर्षांच्या एका मुलाने सारा कागद काळ्या खडूने भरून टाकलेला. गोठा नाही, तारा नाही, मेंढपाळ नाहीत. त्याचे वडील त्याच पावसाळ्यात वारले होते. हे आम्हाला ठाऊक होते. दफनविधी आम्हीच केला होता. तरीही त्या क्षणी आमच्या डोळ्यांना दिसला तो केवळ वाया गेलेला कागद. "एवढा चांगला कागद फुकट घालवलास," असे आम्ही सर्वांच्या देखत बोललो. मुले हसली. वर्ग संपल्यावर उरलेल्या कचऱ्याबरोबर तो कागदही जाळण्यात आला.

पंधरा दिवसांनी त्याची आजी आमच्या दाराशी आली. म्हणाली, "फादर, पोरगं खडूला हात लावेना झालंय. त्याचा तो कागद असला तर द्या." तो आता उरला नाही, हे सांगताना आम्हाला जड गेले. ती थोडा वेळ गप्प राहिली व मग म्हणाली, "त्याच्या बापाला दवाखान्यात नेलं, त्या रात्री गावची लाइट गेलेली होती. तेच काढलंय म्हणत होता."

ती तक्रार करावयास आली नव्हती. तिच्या बोलण्यात राग नव्हता. परंतु ती गेल्यावर आम्हाला स्वस्थ बसवेना. सेमिनरीत असताना एका पुस्तकात पाहिलेले एक चित्र राहून राहून डोळ्यांपुढे येऊ लागले. त्या चित्रातही आकाश असेच काळेभोर आहे.

ते चित्र आल्सास प्रांतातील इझेनहाइम या गावच्या मठातील वेदीसाठी काढलेले आहे. आल्सास हा आज फ्रान्सचा भाग असला, तरी जर्मनीला लागून असलेला, दोन भाषांच्या सीमेवरचा प्रदेश आहे. सीमाभागातील आमच्या वाचकांना अशा प्रदेशाची कल्पना सहज येईल. तेथे संत अंतोन मठवासी यांच्या नावाने चालणाऱ्या संघाचे धर्मबंधू राहत व एका भयंकर रोगाने पछाडलेल्या लोकांची शुश्रूषा करीत. त्या रोगाला लोक "संत अंतोनची आग" म्हणत. हातापायांत आग पेटल्यासारख्या वेदना होत, झटके येत, पुढे बोटे व अवयव काळे पडून सडत आणि कित्येकांचे हातपाय कापून टाकावे लागत.

या रोगाचे कारण फार पुढे कळले. तेथील गरीब लोक राय नावाच्या धान्याची भाकरी खात. त्या धान्याच्या कणसावर एक बुरशी वाढे आणि दाण्याच्या जागी काळी गाठ धरे. ती गाठ पिठात दळली गेली की विष पोटात जाई. बाजरी पिकविणाऱ्या आमच्या शेतकऱ्यांना अरगट ठाऊक आहे. कणसावर आधी मधासारखा चिकट थेंब येतो व मागून काळसर गाठी दिसू लागतात. रायवरील ती बुरशी याच कुळातील होय.

अशा रोग्यांच्या मठासाठी माथियास ग्र्यूनेवाल्ड या चित्रकाराने 1512 ते 1516 या काळात वेदीवरील चित्रे काढली. दुःखी मनुष्याला हसरे, रम्य काहीतरी दाखवावे, म्हणजे त्याला आपल्या दुःखाचा विसर पडेल, असे आपल्याला सहज वाटते. ग्र्यूनेवाल्डने नेमके उलट केले. त्याने क्रूसावरचा ख्रिस्त काढला, आणि असा काढला की आजही पाहणारा चपापतो. शरीर हिरवट पडलेले आहे. अंगभर जखमा आहेत व त्यांत काटे रुतून राहिले आहेत. हातांची बोटे वेदनेने फाकून ताठरली आहेत. एका बाजूला पवित्र मरिया शुभ्र वस्त्रात मूर्च्छित होत आहे व संत योहान तिला सावरीत आहे. मागे रात्र.

मठाच्या रुग्णालयातून जो मनुष्य या वेदीसमोर येई, त्याने आपले हात खाली पाहिले आणि मग मान वर करून ते हात पाहिले, तर त्याला काय वाटले असेल? त्याच्या अंगावर जे व्रण होते तसेच व्रण तेथे होते. गावाने ज्याच्याकडे पाहून तोंड फिरविले, त्याच्यासारखाच दिसणारा कोणी वेदीवर होता, आणि लोक त्याच्यापुढे गुडघे टेकीत होते.

त्या वेदीची रचना कपाटाच्या दारांसारखी आहे. एरवी दारे मिटलेली असत व क्रूसाचे चित्र दिसे. सणाच्या दिवशी ती उघडली की आत दुसरी चित्रे दिसत. त्यांत पुनरुत्थानाचे चित्र आहे. तेथे तोच ख्रिस्त प्रकाशाच्या वलयात वर येत आहे, आणि त्याची कातडी स्वच्छ झाली आहे. हातापायांचे व कुशीचे घाव तेवढे राहिले आहेत. रोग्याने आधी आपले दुःख पाहावे आणि मग त्या दुःखापलीकडचे काही पाहावे, असा तो क्रम होता. ही चित्रे आज कोल्मार शहरातील उंटरलिंडन संग्रहालयात आहेत.

चित्राने रोग बरा केला, असे कोणी समजू नये. धर्मबंधूंची शुश्रूषा, लेप व बरा आहार यांचे काम ते करीत होते. चित्राने दिली ती सोबत. दुःखात सापडलेल्या मनुष्याला सर्वांत जास्त छळते ते हे की हे माझ्या एकट्याच्याच वाट्याला आले आहे. जे दुःख दुसऱ्या कोणी पाहिले, जाणले, रंगांत उतरविले, ते दुःख एकट्याचे राहत नाही.

यासाठी आल्सासला जावयास नको. आमच्या प्रत्येक चर्चच्या भिंतीवर क्रूसाच्या वाटेची चौदा चित्रे असतात. बहुतेक ठिकाणी ती साधीच, छापील असतात. परंतु आम्ही पाहिले आहे की ज्या मातेचे मूल गेले आहे, ती मिस्सा संपल्यावर तेराव्या चित्राजवळ थोडी रेंगाळते. तेथे मातेच्या मांडीवर पुत्राचा देह असतो. तिला कोणी काही समजावून सांगितलेले नसते. ती फक्त पाहते, आणि मग डोळे पुसून घरी जाते व चूल पेटविते.

पाहणाऱ्याची गोष्ट ही अशी. काढणाऱ्याची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि आम्ही ज्या मुलाला बोललो तो काढणारा होता. म्हणून दुसरी एक हकिकत सांगणे अवश्य वाटते.

फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकर्तीचा जन्म 1898 साली व्हिएन्ना येथे ज्यू कुटुंबात झाला. जर्मनीतील बाउहाउस या नामांकित कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. डिसेंबर 1942 मध्ये नाझींनी त्यांना व त्यांच्या पतीला तेरेझीन येथे नेले. हे आजच्या चेक प्रजासत्ताकातील एक जुने किल्लेवजा गाव. नाझींनी त्याची ज्यूंसाठी बंदिछावणी केली होती. माणशी ठरावीक वजनाचेच सामान नेण्याची परवानगी होती. त्या मोजक्या सामानात फ्रीडलबाईंनी चित्रकलेचे साहित्य नेले.

छावणीत मुलांना शाळा शिकविण्यास बंदी होती. चित्रे काढण्याकडे मात्र पहारेकरी काणाडोळा करीत. घरादारापासून तुटलेली, अर्धपोटी, दाटीवाटीने राहणारी ही मुले. फ्रीडलबाई त्यांना कार्यालयांतील वापरलेल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूंवर चित्रे काढावयास शिकवीत. कधी थोर चित्रकारांच्या चित्रांच्या प्रती पुढे ठेवून त्या नीट न्याहाळावयास लावीत व मग रंगीत कागदांचे तुकडे चिकटवून तीच मांडणी आपल्या परीने करावयास सांगत. पाहणे आणि करणे या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या नाहीत. प्रत्येकाने कागदावर आपले नाव घालावे, याकडे त्यांचे लक्ष असे.

त्या मुलांनी काय काढले? काहींनी छावणीतील मजल्यामजल्यांची बाके व अन्नासाठीची रांग काढली. परंतु फुले, फुलपाखरे, कुरण, घर आणि घरातले जेवणाचे मेजही पुष्कळांनी काढले. ज्या ठिकाणी मुलाच्या हाती काही म्हणजे काही उरले नव्हते, कधी उठावे, काय खावे, उद्या कोठे नेले जाईल, हे सारे दुसरेच ठरवीत होते, त्या ठिकाणी कागदाच्या चार कडांच्या आत घर कोठे ठेवावे आणि त्याचे दार उघडे असावे की मिटलेले, हे त्या मुलाने ठरविले.

चित्रांनी त्यांचे प्राण वाचले नाहीत. ऑक्टोबर 1944 मध्ये फ्रीडलबाईंना आउश्वित्स येथे नेऊन ठार करण्यात आले. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला तेच आले. जाण्यापूर्वी मुलांची चित्रे दोन पेट्यांत भरून ठेवली होती. युद्ध संपल्यावर 1945 साली त्या पेट्या प्राग येथे पोहोचल्या. सुमारे 4,500 चित्रे आज तेथील ज्यू संग्रहालयात जपून ठेवली आहेत, आणि कागदावर नाव असल्यामुळे कित्येक चित्रे कोणत्या मुलाची हे सांगता येते. मुलाला केवळ एक आकडा समजणाऱ्यांना ते कागद पुरून उरले.

फ्रीडलबाईंच्या शिष्या एडिथ क्रामर या 1938 साली अमेरिकेत गेल्या व तेथे त्यांनी मनाने दुखावलेल्या मुलांना चित्रकलेच्या द्वारे सावरण्याचे काम उभे केले. आज ज्याला कला-उपचार म्हणतात त्याच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

आता कोणी म्हणेल की या करुण हकिकतींनी मन हेलावते खरे, परंतु चित्र काढल्याने मनात खरोखरच काही घडते याला पुरावा काय? विद्वानांनी याचीही परीक्षा घेतली आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील ड्रेक्सेल विद्यापीठात 39 प्रौढांना पंचेचाळीस मिनिटे रंग, माती, कागदाचे तुकडे असे साहित्य देऊन हवे ते करावयास सांगितले. हा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. मनावर ताण असला की शरीरात कॉर्टिसोल नावाचे द्रव्य वाढते. ते आधी व नंतर लाळेत मोजले. सुमारे तीन चतुर्थांश लोकांत ते कमी झालेले आढळले. ज्यांना चित्रकलेचा सराव होता आणि ज्यांना मुळीच नव्हता, त्यांच्यात म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. माणसे थोडी होती, हे खरे. एवढ्यावरून मोठे सिद्धांत मांडू नयेत. परंतु "मला कोठे चित्र काढता येते?" असे म्हणणाऱ्याने लक्षात ठेवावे की हाताचा गुण वेगळा आणि हाताने काम करण्यापासून मनाला मिळणारा विसावा वेगळा.

दुसरा अभ्यास जेनिफर ड्रेक व एलेन विनर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषींचा असून तो 2013 साली प्रसिद्ध झाला. मुलांना एखादी निराशेची गोष्ट आठवावयास सांगून मग काहींना तीच गोष्ट काढावयास सांगितली, तर काहींना एक घर काढावयास सांगितले. ज्यांनी घर काढले त्यांचे मन अधिक लवकर हलके झाले. म्हणजे दुःखी मुलाला "तुझे दुःख काढून दाखव" असा आग्रह करणेही शहाणपणाचे नव्हे. त्याच्या हाताला जे सुचेल ते त्याने काढावे. काळोख सुचला तर काळोख, बैल सुचला तर बैल. तेरेझीनच्या मुलांनी कोणाच्या सांगण्यावाचून कुरणे काढली ती याच कारणाने असतील, असे आम्हाला वाटते.

या साऱ्याचा आम्हाला कळलेला अर्थ थोडक्यात असा. दुःखात सापडलेल्या मनुष्याला दोन गोष्टी हव्या असतात. एक, आपण एकटे नाही याची जाणीव. दुसरी, आपल्या हातून अजून काही होऊ शकते हा विश्वास. चित्र पाहण्याने पहिली मिळते, चित्र काढण्याने दुसरी. आमच्या वर्गातील त्या मुलाने आपल्या परीने एक काम केले होते: ज्या रात्रीपुढे तो असहाय होता, ती रात्र त्याने स्वतःच्या हाताने एका कागदावर आणून ठेवली होती. आम्ही तो कागद जाळून टाकला.

आमची दुसरी चूक नमुन्याची होती. फळ्यावर गोठा काढून देऊन आम्ही मुलांचे विचार करणेच थांबविले होते. पस्तीस कागदांवर एकच गोठा, तोच तारा, त्याच उजव्या कोपऱ्यात. जो मुलगा त्या नमुन्याच्या बाहेर गेला, तोच एकटा खरोखर काही पाहून काढीत होता. कल्पकता म्हणजे काही आकाशातून पडणारे दान नव्हे. आपण जे पाहिले ते आपल्या रीतीने मांडण्याची मुभा मिळत गेली की ती वाढते, आणि एकदा चारचौघांत हसू झाले की मिटून बसते. बेंदराच्या वेळी मुले मातीचे बैल करतात ते पाहावे. त्यांना कोणी नमुना देत नाही. एकाचा बैल लठ्ठ, दुसऱ्याचा मारका, तिसऱ्याची शिंगे अंगापेक्षा मोठी. आणि प्रत्येक बैल ओळखीचा, कोणाच्या ना कोणाच्या गोठ्यातला असतो.

पुढच्या रविवारी आम्ही त्याच वर्गात, सर्वांच्या देखत, त्या मुलाला सांगितले की आमची चूक झाली. तो कागद आम्ही नीट पाहिला नाही. तो काही बोलला नाही. आजीच्या हाती आम्ही एक वही व खडूंची पेटी पाठविली आणि तिला सांगितले, "आजी, त्याला विचारू नका, दाखव म्हणू नका. नुसती त्याच्या दृष्टीस पडेल अशी ठेवा." सारा उन्हाळा ती वही कोरीच राहिली. बेंदराच्या सुमारास आजी म्हणाली की तिच्यात आता दोन बैल आले आहेत. ते त्याच्या वडिलांचे बैल. त्यांच्या आजारपणात विकावे लागले होते. आम्ही ते चित्र अद्याप पाहिलेले नाही. तो दाखवील तेव्हा पाहू. जळालेला कागद मात्र परत येणार नाही.

आईबापांना आमची एवढीच विनंती आहे. मुलाने काही काढून आणले तर हसू नका आणि "हे काय काढलेस?" असेही विचारू नका, "याच्याविषयी मला सांग" असे म्हणा, व त्याला सांगावयाचे नसेल तर तेही चालू द्या. महागडे रंग लागत नाहीत. कोळसा, गेरू, नदीकाठची माती, जुन्या दिनदर्शिकेची पाठकोरी पाने पुरतात. कागदाच्या मागे मुलाचे नाव व तारीख लिहा आणि तो घरात कोठेतरी जपून ठेवा. त्यांना हाताला धरून चर्चमधील चौदा चित्रांपुढून सावकाश न्या व प्रत्येकापुढे थोडे थांबा, बोलणे नंतर. आणि घरात नुकतेच कोणी गेले असेल, तर मोठ्यांनीही एखादी संध्याकाळ मुलांबरोबर माती मळावयास बसावे. रिकाम्या हातांनी दुःख जास्त जड होते.

येत्या नाताळात आमच्या धर्मग्रामातील गोठा विकत आणलेला असणार नाही. तो मुले करतील. मेंढ्या कदाचित कुत्र्यांसारख्या दिसतील, मेंढपाळाच्या डोक्यावर आपल्याकडचा पटका असेल. फळ्यावर या वेळी आम्ही काहीही काढणार नाही. आणि कोणी त्या गोठ्यावरचे सारे आकाश काळे केले, तर ते तसेच राहील. येशूचा जन्म रात्रीच झाला होता.